गोल गादी

मास्तरीण माहेरी आली की आधी तिचा आवाज घरात शिरतो आणि मागाहून ती, हे सगळ्यांना पाठ होतं. त्या शनिवारी मात्र ती आली, चपला काढल्या, थेट आईच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आवाजच आला नाही. बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसलेल्या थोरल्याला तिथंच शंका यायला हवी होती. पण त्याला वाटलं, चार महिन्यांनी लेक भेटतेय, बोलत असतील मायलेकी.

मग हाक आली. "इकडे या जरा सगळे."

आईला तिनं भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळवलं होतं. कमरेखाली, माकडहाडावर लावलेली पट्टी अर्धी सुटली होती आणि तिच्याखालचं दिसत होतं. थोरल्यानं ते आजवर पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर पाहायचं टाळलं होतं. मुलानं आईचं अंग कसं बघायचं, ही सबब त्याला बरी सापडली होती. तळहाताएवढी जागा. कडेनं जांभळी, आत पिवळट आणि मधोमध काळं, वाळल्या चामड्यासारखं. आणि वास. गेले आठ दिवस खोलीत जो वास येत होता तो औषधाचा असेल असं तो मनाशी म्हणत आला होता. तो औषधाचा नव्हता.

"किती दिवस आहे हे?" मास्तरणीनं विचारलं. प्रश्न सगळ्यांना होता, पण नजर धाकटीवर होती.

धाकटी म्हणजे धाकट्या भावाची बायको. पाच महिन्यांपूर्वी आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ती पुन्हा उठलीच नाही. तेव्हापासून आईचं अंग पुसणं, भरवणं, खालचं काढणं, सगळं धाकटीच्या गळ्यात होतं. तिनं सांगितलं, की तीन आठवड्यांपूर्वी बटणाएवढा डाग दिसला, मग तिथं फोड आला, मग तो फुटला. दवाखान्यात दोनदा सांगून आले. नर्स पाठवतो म्हणाले, ती आज चारला येणार आहे. शब्दन् शब्द खरा होता. पण खालच्या आवाजात सांगितलेलं खरंसुद्धा कबुलीजबाबासारखं ऐकू येतं.

मास्तरणीनं तिथंच वर्ग घेतला. माणूस असं कुजेपर्यंत घरात कुणाला कळत नाही का, डोळे कुठे असतात, चादर शेवटची कधी बदलली, असं एकामागून एक. मास्तरीण पोरांना छडी मारत नसे. तिला गरजच पडत नसे. धाकटा, म्हणजे धाकटीचा नवरा, दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. वारा येईल तशी पाठ फिरवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. तो म्हणाला, मी तर सकाळी सातला बाहेर पडतो ते संध्याकाळीच येतो, मी हिला म्हणत होतो लक्ष ठेव म्हणून. धाकटीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. संध्याकाळी आईला वळवायचं काम त्याच्याकडे होतं आणि तो ते आठवड्यातून दोनदा करायचा, हे ती म्हणाली नाही.

थोरल्याचे डोळे पलंगावरच्या गोल गादीवर खिळले होते. आईला कुशीवर वळवल्यामुळे ती रिकामी झाली होती आणि तिच्या मधल्या भोकातून खालची चादर दिसत होती.

ती गादी त्यानं शिवली होती.

या घराचं पोट सीटांवर चाललं होतं. बसच्या सीटा, ट्रकच्या, दाढीच्या दुकानातल्या खुर्च्यांच्या. बाबांच्या वेळी लांब पल्ल्याचे ड्रायव्हर मूळव्याधीनं हैराण होऊन दुकानात उभ्याउभ्याच बोलायचे, आणि बाबा त्यांना मधोमध भोक ठेवून गादी शिवून द्यायचे. ड्रायव्हर आशीर्वाद देऊन जात. "जिथं दुखतं तिथं टेकूच द्यायचा नाही," हे बाबांचं वाक्य थोरल्यानं लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याला ते दोन अधिक दोन चार इतकं खरं वाटायचं. तीन आठवड्यांपूर्वी धाकटी दारात येऊन म्हणाली, दादा, आईंच्या पाठीला खाली डाग दिसतोय, गादी टोचते बहुतेक. तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन दिवस खपून त्यानं ती केली. खाली कडक फोम, वर मऊ, सुती खोळ, कडेनं दुहेरी शिलाईची गोट. स्वतःच्या हातानं आईखाली सरकवली. आई म्हणाली, "मऊ आहे रे." तो दिवसभर तेवढ्यावरच होता.

हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि तरी त्याला वाटलं, गादीचा काय दोष, गादी होती म्हणून एवढ्यावर निभावलं.

नर्सबाई चारला आल्या, ठणठणीत, अंगानं भारदस्त. खोलीत शिरल्याबरोबर नाकानंच त्यांना निम्मं कळलं असावं. आईला त्यांनी आजी म्हणून हाक मारली, जे करणार ते आधी सांगितलं आणि मग हात लावला. जखम धुतली. एका बारीक काडीला कापूस गुंडाळून ती त्यांनी जखमेच्या कडेखाली हळूच सरकवली, आणि काडी कातडीच्या आतल्या आत आडवी बोटभर गेली. धाकट्यानं तोंड फिरवलं. आईनं चादरीची कड मुठीत धरली, पण हूं की चूं केलं नाही.

"वर दिसतंय तेवढीच नाहीये ही," नर्सबाई म्हणाल्या. "आत पोकळ झालीय."

मग काम करता करताच त्यांनी सांगितलं. खाली बिछाना, वर हाड, मधे मांस. माणूस एकाच जागी पडून राहिला की ते मांस दोघांच्या मधे चिरडतं, रक्त पोहोचत नाही, आणि ते आतून मरायला लागतं. कातडी सगळ्यात शेवटी सांगते. म्हणून डाग बटणाएवढा दिसतो तेव्हाच धावपळ करायची असते. तो कसा ओळखायचा तेही त्यांनी दाखवलं. स्वतःच्या मनगटाजवळ अंगठा दाबला, उचलला. जागा फिकी पडली आणि लगेच भरून आली. मग आईची टाच हातात घेतली. टाचेवर काळसर ठिपका होता, तो आजवर कुणाच्या लक्षातच आला नव्हता. त्यावर त्यांनी अंगठा दाबून सोडला. ठिपका होता तसाच राहिला, ना फिका ना गडद.

"दाबून रंग हलत नाही, म्हणजे हीसुद्धा त्याच वाटेवर आहे. आणि आजी सावळ्या आहेत. लाल दिसेल म्हणून वाट बघत बसाल तर फसाल. सावळ्या अंगावर नुसतं जरा काळवंडल्यासारखं दिसतं. म्हणून हात लावून बघायचं. आजूबाजूपेक्षा गरम लागतं का, घट्ट लागतं का, नाहीतर पिचपिचीत."

मास्तरणीनं वही काढली होती. सवयच ती. नर्सबाईंनी विचारलं, डागावर काही चोळत होतात का? धाकटीनं पडलेला कापूस गोळा केला. मग मास्तरणीचाच पेन थांबला. रोज स्पिरिट लावून चांगलं खसखसून चोळ, रक्त खेळतं राहील, असं फोनवर तिनंच सांगितलं होतं. दर रविवारी चोळतेस ना म्हणून विचारलंही होतं. नर्सबाई म्हणाल्या, तसं करायचं नाही, खाली आधीच फाटलेलं असतं, चोळून आणखी फाटतं. मास्तरणीनं ते लिहून घेतलं आणि वर पाहिलं नाही.

मग त्यांना गोल गादी दिसली.

त्यांनी ती उचलली, उलटी करून पाहिली, कडेवर मूठ दाबली. थोरल्याच्या मनात आलं, आता म्हणतील, हे एक बरं केलंत. माणसाचं मन बघा, आईची टाच डोळ्यांदेखत काळी पडलेली आणि याला शाबासकीची आस.

"हे कुणाचं डोकं?" नर्सबाईंनी विचारलं.

थोरला अर्धं पाऊल पुढं झाला.

"शिवलंय फार सुंदर. पण यानंच घात केलाय." त्यांनी धाकटीचा हात ओढून घेतला, दोन बोटांचं कडं तिच्या दंडाभोवती आवळून धरलं. "मधे काही टेकत नाही हे खरं. पण सगळा भार या कडेवर येतो. कडा चहूबाजूंनी दाबते, आणि मधल्या जागेला रक्त येणार कुठून? बोटाला दोरा आवळल्यावर जे होतं तेच. आजींच्या खाली हे नसतं आणि दर दोन तासांनी कूस बदलली असती, तर डाग डागच राहिला असता कदाचित."

थोरल्याचे कान गरम झाले. बाबांच्या ड्रायव्हरांना ताकद होती, पाय होते, गाडी थांबवून उतरता येत होतं, चहा प्यायला चालत जाता येत होतं. आईला त्यातलं काय होतं? एवढी साधी गोष्ट. आयुष्य सीटा शिवण्यात गेलं आणि बसणारा उठतो कधी, याचा विचार बाप-लेकांनी कधी केलाच नव्हता.

मास्तरीण धाकटीकडे बघत म्हणाली, "कुणी ठेवलं हे आईखाली?"

आणि धाकटी म्हणाली, "मीच ठेवायचे रोज."

खोटं नव्हतं ते. सकाळी आईला पुसून झालं की गादी तीच सरकवायची. थोरल्याचं तोंड उघडलं होतं. जीभ टाळ्याला चिकटावी तसं झालं आणि तो क्षण गेला. नर्सबाई पुढं बोलत होत्या, आणि तो शहाण्या श्रोत्यासारखा मान हलवत उभा राहिला. शरम म्हणून काही असते, ती त्याला तेव्हा वाटली.

निघताना नर्सबाईंनी भिंतीवर वेळापत्रक लावलं. पाचला डावीकडे, सातला उजवीकडे, नऊला पाठीवर पण थोडाच वेळ. पूर्ण कुशीवर नाही, पाठीमागं उशी देऊन कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतील. टाच सुधारेल, त्या म्हणाल्या. दारापर्यंत पोचवायला गेलेल्या मास्तरणीनं हळू आवाजात पाठीचं विचारलं, आणि मागे उभ्या थोरल्यानं उत्तर ऐकलं. हाडाला लागलीय, वय ऐंशीच्या पुढं, जेवण चिमणीएवढं. आपण करत राहायचं. भरेलच असं मी तुम्हाला सांगणार नाही.

परत आल्यावर मास्तरीण बसली नाही. आईला ती आज आपल्याकडे नेणार होती. गाडी सातला येईल. या घरात आई राहणार नाही, बस्स. धाकटा म्हणाला, ताई म्हणते ते बरोबर आहे, तिकडे नीट होईल. पाच महिने ज्या बाईनं रात्रीचा दिवस केला तिला हे ऐकवून तो खिडकीबाहेर बघू लागला. धाकटीनं कपाट उघडलं, आईचे गाऊन काढले आणि एकेक घडी करून पिशवीत भरू लागली. आईचे डोळे छताला होते. कानशिलावरून पाणी उशीत जात होतं आणि ते पुसायला तिचा हात पोचत नव्हता.

ते बघून थोरल्याची जीभ सुटली.

"ती गादी मी शिवली," तो म्हणाला. "मीच आणून दिली. हिला मीच सांगितलं, रोज ठेव म्हणून. आईला न्यायचं असेल तर माझ्यापासून ने. हिच्यापासून नको."

मास्तरीण त्याच्याकडे बघत राहिली. मग पलंगाच्या कडेला बसली, आणि एकदम म्हातारी दिसली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "बाबांची लेक आहे मी, दादा. दुहेरी गोट बघून कळत नाही का कुणाचा हात आहे ते."

"मग हिला का बोललीस?"

"कुणावर तरी ओरडायला नको का? आईला असं बघून मी काय करू? आणि तुझ्यावर कशी ओरडू? वर्षभर तू त्या खुर्चीतून उठला नाहीस. आत्ता कुठं…" तिनं वाक्य सोडून दिलं.

ते सगळ्यांनाच कळलं. गेल्या वर्षी थोरल्याची बायको गेली, पंधरा दिवसांच्या तापात, आणि त्यानं मशीनवर चादर टाकली. दुकानाचं शटर खाली ओढलं. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाहीतर तेही नाही. आईच्या पलंगाच्या भिंतीपलीकडेच शिलाईची खोली. चौदा महिने तिथून खुट्ट आवाज आला नव्हता. गोल गादी ही त्यानंतर त्यानं शिवलेली पहिली वस्तू होती.

"म्हणजे माझ्यावर ओरडणं सोपं होतं," धाकटी म्हणाली. गाऊनची घडी तिच्या हातात तशीच होती. आवाज चढलेला नव्हता, पण पाच महिन्यांत ती पहिल्यांदा कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत होती. "यांना मी सोपी, तुम्हाला मी सोपी. ठीक आहे. पण दादा, तुम्ही आता बोललात म्हणून सांगते, नाहीतर सांगणार नव्हते. चौथ्याच दिवशी आई म्हणाल्या होत्या, याच्या कडा टोचतात. मी काढायला गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. दादाला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील, म्हणाल्या. मी तरी काय करायचं होतं?"

तिचा बांध तेव्हा फुटला. मास्तरीण उठली, तिच्या हातातला गाऊन घेतला, पिशवीतलेही काढले आणि कपाटात पुन्हा लावू लागली. माफी मागायची तिला सवय नव्हती. ती म्हणाली, मी आठ दिवस रजा टाकते, रात्रीचं वळवणं माझ्याकडे, तू झोप. मग गाडीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. धाकट्याकडे वळून ती म्हणाली, संध्याकाळचे सात आणि नऊ तुझे, चुकलास तर तुझ्या ऑफिसात येऊन सांगेन. धाकटा हो म्हणाला. खिडकीबाहेर बघणं एवढं महाग पडेल असं त्याला वाटलं नव्हतं.

पाच वाजून गेले होते. थोरला पलंगाशी गेला. कसं धरायचं ते धाकटीनं डोळे पुसत दाखवलं: ओढायचं नाही, कातडी घासते, खालच्या चादरीसकट दोघांनी उचलायचं. आई पिसासारखी हलकी झाली होती. या बाईनं आपल्याला कडेवर घेऊन बाबांच्या दुकानात भाकरी पोचवल्या, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. त्यांनी तिला डावीकडे कलतं केलं, पाठीशी उशी लावली, पोटऱ्यांखाली दुसरी. गोल गादी मास्तरणीनं आधीच बाहेर नेऊन टाकली होती.

दोघी चहा टाकायला आत गेल्या. थोरला आईच्या तोंडासमोर जमिनीवर बसला.

"का नाही सांगितलंस?" त्यानं विचारलं. "मी दुसरी शिवली असती. नसती शिवली तरी चाललं असतं. एकदा सांगायचं होतंस, आई."

आईला बोलायला वेळ लागायचा. तिनं ओठ ओले केले.

"तू शिवत होतास ना, ते दोन दिवस," ती म्हणाली, "मशीनचा आवाज येत होता भिंतीतून. मला वाटलं, आलं माझं पोर माघारी. मग म्हटलं, थोडं दुखलं तर दुखलं."

त्यानं तिचा हात धरला आणि त्यावर कपाळ टेकलं. मोठा माणूस, पन्नाशी उलटलेला, तो हुंदके देऊन रडला, आणि आईनं त्याला रडू दिलं. आत कपबशा वाजायच्या थांबल्या होत्या.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आज नाही बसत मशीनवर?"

"बसतो," तो म्हणाला.

तो उठून पलीकडच्या खोलीत गेला. शिवायला काहीच नव्हतं. फोम संपला होता, कापडही नव्हतं, आणि असतं तरी आज त्याचा हात चालला नसता. त्यानं मशीनसमोर स्टूल ओढलं. कापडाशिवाय चालवलं तर धागा गुंततो, म्हणून सुईतला धागा ओढून काढला, खालचं रीळही काढून ठेवलं. मग मशीनचं पायडल दाबलं. सातला आईला उजवीकडे वळवायचं होतं. तोपर्यंत तो रिकामं मशीन चालवत राहिला.